छाटणीआधीचे तीन दिवस

आमच्या तासगाव भागात कुणी ‘बागेत निघालोय’ म्हटलं की त्याचा अर्थ एकच असतो, द्राक्षाची बाग. नुसती फुलं बघायला कुणी बागेत जात नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधल्या काळात काडी पिकते का नाही याचा घोर, आणि पुढं मार्चपर्यंत डाऊनी, भुरीसारखे रोग, अवकाळी पाऊस, व्यापारी. त्यातल्या त्यात मोकळा म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, तोही माझ्यासारख्या मागास, म्हणजे उशिरा छाटणीवाल्यांना. आगापवाल्यांची कात्री तोवर चालू झालेली असते.

पुण्याला असलेल्या थोरलीनं नेमका हाच आठवडा हेरला. फोनवर म्हणाली, “बाबा, तुमचं दोघांचं बुकिंग केलंय. साताऱ्याच्या डोंगरातल्या बागा बघायच्या, तीन दिवस, सोबत गाइड.” पैसे परत मिळतात का, हे मी सगळ्यात आधी विचारलं. मिळत नव्हते.

आमच्या हिनं मात्र मोबाईलवर आलेलं पत्रक नीट वाचलं होतं. कास, महाबळेश्वर, पाचगणी अशी नावं आणि वर टोपलीभर लालभडक स्ट्रॉबेरीचा फोटो. तो बघून तिनं दोन रिकामे स्टीलचे डबे पिशवीत घातले.

सकाळी साताऱ्याच्या एसटी स्टँडसमोर चौदा जण जमलो. मिरजेच्या दोन निवृत्त शिक्षिका, सख्ख्या बहिणी. कोल्हापूरचं एक नवं जोडपं. पुण्याचे चौघं, प्रत्येकाच्या गळ्यात हातभर लांब नळीचा कॅमेरा. बाकीचे असेच कुणी कुणी. शेतकरी मी एकटाच. गाइड म्हणजे हातात झेंडी घेऊन पुढं पळणारा माणूस अशी माझी समजूत होती. इथं निघाली चाळिशीची एक बाई, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारी, पायात गमबूट. तिनं प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेलं एकेक भिंग अडकवलं आणि म्हणाली, “कॅमेऱ्याच्या आधी हे वापरायचं.” पुणेकरांची तोंडं जरा उतरली.

साताऱ्यापासून कास पंचवीसेक किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढताना मॅडम माहिती सांगत होत्या. पठारावर दिवसाला ३००० लोकांनाच सोडतात, नोंदणी आधीच ऑनलाईन करावी लागते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या त्यात कास आहे. फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती तिथं आहेत. मी निम्मं ऐकलं. उरलेलं लक्ष उतारावरच्या नाचणीकडं होतं.

वर उतरलो तर समोर काहीच नाही. धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. पुणेकरांपैकी एकजण दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळेल का विचारायला लागला. मॅडम खूश. “लांबचं दिसणार नाही म्हणजे जवळचं बघाल,” म्हणाल्या आणि वाटेच्या कडेला चक्क गुडघ्यावर बसल्या.

मी वाकून आधी माती बघितली. खोड मोडत नाही. नव्या रानात गेलो की पहिलं बोट मातीत जातं. इथं वाटेच्या कडेला बोट घातलं तर अर्धं पेर आत गेलं आणि नख दगडाला लागलं. पुढं सरकून परत घातलं. परत दगड.

“मॅडम, इथं मातीच नाही.”

“तेच दाखवायला आणलंय तुम्हाला, काका.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. खाली सगळा जांभा. मूळचा काळा पाषाण, त्याच्यावर युगानुयुगं पाऊस कोसळून त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन गेलं, मागं राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तांबडा. त्याच्यावर बोटभरसुद्धा नाही अशी मातीची साय. पावसाळ्यात तिच्यात पाणी उभं राहतं, तिच्यातलं खत-बित वाहून जातं, आणि दिवाळीनंतर तोच दगड तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही. मग जे काही जगायचं ते चार महिन्यांत. जूनला उगवायचं, सप्टेंबरात फुलायचं, बी टाकून मोकळं व्हायचं. आमच्याकडं अशा रानाला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणतात.

पहिलं फूल दाखवलं ते सीतेची आसवं. निळंजांभळं, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढं, ओल्या जागेत हजारोंनी. दिसायला गरीब. मॅडमनी आपल्या पिशवीतून एक छापील चित्र काढलं, त्यात त्याच्या मुळाकडची बाजू मोठी करून दाखवली होती. पाण्यात मोहरीहूनही बारीक पिशव्या लोंबतात, त्यांच्या तोंडाला झडप. पाण्यातला बारीक जीव झडपेच्या केसाला लागला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते आणि पचवते. कशासाठी? नत्रासाठी. जमिनीत नत्र नाही, म्हणून.

हे ऐकून मी जरा गप्प झालो. ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट सोडायचं, १९-१९-१९ खत सोडायचं, पान जरा फिकं पडलं की दुकानात पळायचं, अशी माझी तीस वर्षं गेली. इथं एवढंसं झाड नत्रासाठी शिकारीला निघालं होतं. थोडं पुढं दवबिंदू बघितलं. त्याच्या पानांवर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका पानावर बारीक चिलट चिकटून अजून पाय हलवत होतं. भिंगातून बघताना अंगावर काटा आला. मिरजेच्या धाकट्या बाईंनी “अगं बाई” म्हणून भिंगच सोडून दिलं.

मी विचारलं, “याला चिमूटभर युरिया टाकला तर?”

“मरेल. किंवा शेजारचं गवत एवढं माजेल की याला उजेडच मिळणार नाही. इथं जे आहे ते सगळं उपाशी जमिनीच्या जिवावर आहे.”

हा प्रश्न फक्त मलाच पडला असेल, पण त्याच्या उत्तरासाठी माझे पैसे वसूल झाले असं मी तिथंच हिला सांगितलं. पैसे थोरलीचे होते, याची तिनं आठवण करून दिली.

आमच्याबरोबर पठाराखालच्या गावातला एक पोरगा होता, गावांनी वनखात्याबरोबर केलेल्या समितीचा. गळ्यात शिट्टी, तोंडात गुटखा नाही, हे विशेष. त्याला फुलांची शास्त्रीय नावंही पाठ होती. चालता चालता त्यानं गुरांचा विषय काढला. पूर्वी इथं आसपासच्या गावांची गुरं चरायची. मग पठार राखायचं म्हणून कुंपण आलं, चराई थांबली. “गवत वाढलं काका, आणि फुलं दबली, असं आमची म्हातारी माणसं सांगायची. आता जाळी काढलीय.” मॅडम म्हणाल्या, यावर जाणकारांचे वाद अजून मिटलेले नाहीत. त्यांनी तसं म्हणावंच, त्या शिकलेल्या. मी मात्र त्या पोराच्या बाजूचा. दोन वर्षं बांधावर गुरू फिरलं नाही तर बांधाचं काय होतं ते बघायला कॉलेजात जावं लागत नाही.

अकराच्या सुमाराला धुकं उचललं. एकदम नाही, पदर सरकावा तसं एका बाजूनं. आणि मग तेरडा दिसला. गुलाबी, लांबपर्यंत, मध्ये सीतेच्या आसवांची निळी झाक, गेंदाचे पांढरे ठिपके, कडेला सोनकीचा पिवळा लागायला सुरुवात झालेली. पिवळ्यावर दोन तांबडे ठिपके असलेल्या कवल्याला सगळे पर्यटक मिकी माऊस म्हणतात, तेही होतं. पुणेकर सुटले. आम्हा दोघांना तेरड्याची नवलाई नव्हती. गौरीला घरोघर तोच लागतो. ही म्हणाली, “तेरड्याचा रंग तीन दिवस आणि आपली सहलही तीन दिवस.” पण आमच्या तेरड्याला एवढं आभाळ मिळत नाही, हे खरं.

तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या तरी गटातली एक मुलगी वाट सोडून फुलांच्या मधोमध जाऊन बसली आणि तिचा मित्र तिचं शूटिंग करायला लागला. पोरानं शिट्टी मारली. “एकच मिनिट,” ती म्हणाली. माझ्या बागेत घडभरणीच्या वेळी कुणी असं घुसलं असतं तर मी काय बोललो असतो ते इथं लिहिता येणार नाही. पोरगा नुसता हात जोडून उभा राहिला. ती उठली तेव्हा तिच्या बसण्याएवढा एक चपटा गोल मागं राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडमनी आम्हाला चार-चारांच्या गटात एका जागी नेलं. जागा सांगत नाही, त्यांनी शब्द घेतलाय. मोबाईलमधलं ठिकाण दाखवणारं बटणही बंद करायला लावलं होतं. तिथं कंदीलपुष्प होतं, खरोखर बारक्या कंदिलासारखं. खाली फुगीर, वर निमुळती नळी, शेंड्याला पाकळ्यांची टोकं जुळलेली. माशी वासानं आत शिरते. नळीत केस असतात ते आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळं आत जाता येतं, बाहेर नाही. माशी अडकते, धडपडते, तिच्या अंगाला पराग चिकटतो. मग केस कोमेजतात आणि तिची सुटका होते. ती जाते आणि दुसऱ्या कंदिलात जाऊन पुन्हा अडकते. “माणसासारखंच की,” कोल्हापूरच्या नव्या नवऱ्यानं म्हटलं, आणि बायकोनं त्याच्याकडं बघितलं. याचा कंद खायला गोड लागतो, म्हणून माणसं उकरतात, साळिंदरं उकरतात, आणि म्हणूनच जागा सांगायची नाही.

वायतुरा एका पाणथळ डबक्यात बघितला. गुलाबीजांभळा तुरा, शेंड्याला दोन फाटे, इंग्रजी वाय अक्षरासारखा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, सातारेन्सिस. मिरजेच्या थोरल्या बाईंना याचा फार अभिमान वाटला. त्यांचं माहेर कोरेगावचं. टोपली कारवी नुसती हिरवी बघितली. ती सात वर्षांनी फुलते. सात वर्षांनी एकदा पीक देणाऱ्या झाडाला कुठली बँक कर्ज देईल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

दुपारी मेढ्यावरून केळघरच्या घाटानं महाबळेश्वर. घाटात पाऊस, वर पाऊस, आणि हॉटेलात, आमच्या खोलीच्या कोपऱ्यातही, पाऊस. पत्रकात ‘दरीचं दृश्य’ लिहिलं होतं. खिडकी उघडली तर जनरेटर. ही म्हणाली, त्याच्या पलीकडं दरी असेल. याहून जास्त त्या हॉटेलावर लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाचही नद्यांचं पाणी गोमुखातून कुंडात पडतं. सांगलीची माणसं इथं कृष्णेच्या पाण्याला हात लावताना जरा बिचकतात. २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना ही एवढीशी धार खरी वाटत नाही. माझं लक्ष वेण्णेकडं. हीच पुढं कण्हेर धरणात अडते, आणि तिथून आरफळ कालव्यानं आमच्याकडं येते. आवर्तन कधी सुटतंय म्हणून किती उन्हाळे कालव्याच्या कडेला कोरड्या पात्राकडं बघत बसलोय. हिनं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. मी म्हटलं, “प्यायचं तर इथंच पिऊन घे, खाली आपल्या पाळीला येईल का नाही सांगता येत नाही.”

तिसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरी. म्हणजे स्ट्रॉबेरीचं शेत. स्ट्रॉबेरी नाही. सप्टेंबरात तिथं लागण चालू असते, फळ सुरू व्हायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. पत्रकावरचा फोटो जानेवारीतला होता, हे मॅडमनी स्वतःच कबूल केलं. पत्रक त्यांनी काढलेलं नव्हतं, पण बोलणी त्यांनी खाल्ली. मी हिची समजूत काढायला गेलो. “सप्टेंबरात कुणी द्राक्षं मागायला तासगावला आलं तर तू काय म्हणशील?”

“मी त्याला घडाचा फोटो पाठवलेला नसेल,” ती म्हणाली.

त्या शेतकऱ्याजवळ मी जो उभा राहिलो तो हललोच नाही. गादीवाफे घातलेले, वर मल्चिंग पेपर, खाली ड्रिपची नळी, कागदाला भोकं पाडून रोपं लावायचं काम चालू. बायका ओळीनं बसल्या होत्या, एका लयीत. मातृरोपं कॅलिफोर्नियातून येतात, नर्सरीत लावतात, त्यांना वेलासारखे धुमारे फुटतात, त्या धुमाऱ्यांची रोपं सप्टेंबरात शेतात. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोसा, नाभिला अशी जातींची नावं त्यानं घेतली. मी म्हटलं, आमचंही तसंच, खाली डॉगरिजचा खुंट, तो मूळचा अमेरिकेचा, आणि वर कलम थॉम्पसन या द्राक्षजातीच्या पोरा-नातवंडांचं. तास-ए-गणेश तेवढं आमच्या तालुक्यात निवडलेलं, पण तेही थॉम्पसनच्याच वंशातलं. तो हसला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पाटी शेताच्या तोंडाला लावलेली होती. मी विचारलं, पाटीनं दर मिळतो का? त्यानं मला विचारलं, बेदाण्याला मानांकन मिळून तुम्हाला मिळाला का? पुढं आम्ही दोघंही त्या विषयावर बोललो नाही.

पाऊस लांबला की लागण लांबते, लागण लांबली की सुरुवातीचा चांगला दर हुकतो. थंडीत वेण्णा तलावाच्या बाजूला दव गोठतं, ते बघायला पर्यटक पहाटे गाड्या काढतात आणि शेतकरी पानं करपतील म्हणून पहाटेच उठून बसतो. इंग्रजांच्या काळात इथं ठेवलेले चिनी कैदी भाजीपाल्याच्या बागा करायचे, त्यांच्या नावाचा धबधबाही आहे, हे त्याच्याकडूनच कळलं. एकरी खर्च, मजुरी, औषधांची बिलं यावर आलो तेवढ्यात लांबून हाक आली, “काका, बस!” तीन दिवसांत गट एकदाच खोळंबला, तो माझ्यामुळं.

पुढं मांघर. २०२२ च्या मे महिन्यात ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. घराघराशी सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या. पेटी उघडून दाखवणाऱ्या माणसाच्या हातात ना मोजे ना जाळी. जांभळाचा मध चाखला, त्याला मागं जरा तुरट चव असते. त्यानं मला विचारलं, “तुमच्या बागेत माश्या येतात का?” मला सांगता येईना. द्राक्षाचं फूल आपल्याच परागावर बसतं, सेटिंगला, म्हणजे फळ धरायला, माशी लागत नाही. त्यामुळं तीस वर्षांत मी ती आहे का नाही हे बघितलंच नव्हतं. फवारणी मात्र रोजच्यासारखी. “बघून सांगतो,” म्हणालो.

पाचगणीत टेबललँडवर घोडागाड्या, कणसं, गर्दी. पुन्हा तोच जांभा, कासचाच भाऊ, पण घोड्यांच्या टापांखाली गुळगुळीत झालेला. गावातले उंच सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातले, गाव वसवणाऱ्या चेसन साहेबाच्या काळात आलेले. मला पाय दुखत असल्यामुळं याहून जास्त काही दिसलं नाही.

पण परतीच्या आधी बस एका नर्सरीशी थांबली, आणि तिथं हिला हायड्रेंजिया दिसला. हंगाम संपत आलेला, तरी एका कुंडीत दोन झुबके होते, इतके निळे की कुणी नीळ घातलीय असं वाटावं. ही म्हणाली, हा घ्यायचा. मॅडमनी तिला समजावलं, की याचा निळा रंग झाडाचा एकट्याचा नसतो, मातीचाही असतो. इथली माती आंबट, तिच्यातलं ॲल्युमिनियम झाडाला उचलता येतं म्हणून निळा. चुनखडीच्या मातीत तेच झाड गुलाबी फुलतं. मी लगेच म्हटलं, आपल्या रानाचा सामू, म्हणजे पीएच, सव्वाआठ आहे, आंबट कुठली. बोअरचं पाणी तर त्याहून वाईट, ड्रिपची तोटी दर महिन्याला ॲसिडनं धुवावी लागते.

“मी रानात लावणार नाही, दारात लावणार आहे,” ती म्हणाली.

कुंडी मांडीवर घेऊन ती साताऱ्यापर्यंत आली आणि पुढं एसटीनं तासगावपर्यंत. रिकाम्या डब्यांत तिनं नर्सरीतली कसली कसली रोपटी कोंबली होती. घरी आल्यावर तिनं ते झाड मोठ्या कुंडीत हलवलं, आमच्या रानातली काळी माती आणि शेणखत भरून. मी बघितलं, पण तोवर माझी छाटणी सुरू झाली होती, काड्यांचे डोळे फुटायची पेस्ट लावायला माणसं मिळत नव्हती, आणि कुंडीच्या मातीत मी पडायचं नाही असा आमच्याकडं जुना रिवाज आहे.

उन्हाळ्यात त्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता, बागेत दरवर्षी बघतो. मी गुपचूप थोडं फेरस घातलं. शेडनेटखाली, हौदाच्या बाजूला, ते जगलं. जूनच्या शेवटी कळ्या धरल्या. तिनं रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढं उभं राहायचं.

फुललं ते गुलाबी. आमच्या तेरड्यासारखं गुलाबी.

“नर्सरीवाल्यानं फसवलं,” ती म्हणाली.

मी सामू, चुनखडी, ॲल्युमिनियम, सगळं पुन्हा सांगितलं. निळा पाहिजे असेल तर गंधक घालून वर्षभर वाट बघावी लागेल, तरी खात्री नाही, असंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

“या वेळी जानेवारीत जायचं. स्ट्रॉबेरी असते तेव्हा. निळा तिथंच बघू.”

“जानेवारीत? घडात पाणी भरायच्या वेळेला मी बाग सोडून येऊ?”

“तुम्ही राहा. मी आणि थोरली जातो,” म्हणाली, आणि फळीवरचे डबे खाली काढून मोजायला लागली. या वेळी चार निघाले.